तोरुनचा केक

"केक कधी?" तोरुन स्कारबोला साहेबाचं बोलावणं आल्यापासून कारखान्यात सगळ्यांच्या तोंडी हेच. साठी उलटली की साहेब एकदा समोर बसवून पुढचं विचारतो, आणि नोकरी सोडणाऱ्याने सगळ्यांना केक खिलवायचा, ही त्या नॉर्वेच्या किनाऱ्यावरची रीत.

"माझ्या केकची वाट बघाल तर उपाशी मराल!" तोरुन फणकारली.

बाई त्रेसष्ट वर्षांची. एकोणचाळीस वर्षं खारवलेल्या सुक्या कॉड माशाची प्रत ठरवत आलेली. मासा दोन्ही हातांनी वाकवायचा, हुंगायचा, आणि उजव्या नाहीतर डाव्या ढिगात टाकायचा. तिने टाकलेला मासा कुणी परत उचलून बघत नसे.

सिंद्रे, म्हणजे साहेब, चौतिशीचा. गुणी पोरगा. "तोरुन, तुम्ही आम्हाला हव्या आहात. अजून पाच वर्षं तरी थांबा," म्हणाला आणि कौतुकाने एक नवीकोरी गादीची खुर्ची पुढे ढकलली. "आता उभं राहणं बंद. आरामात बसून नव्या लोकांना शिकवा."

तिचं डोकंच फिरलं. "बसून? अरे, अंगाचा भार टाकल्याशिवाय मासा वाकत नाही. खुर्चीत बसून काय त्याच्याशी गप्पा मारू?"

"पण तुमची पाठ..."

"पाठ वयाने नाही दुखत, टेबलाने दुखते! कुठल्या बुटक्या मुकादमाच्या मापाचं आहे, देव जाणे. रासाला विचार. एकोणतीस वर्षांची पोर, तिचीही कंबर गेलीय. मला ठेवायचंय ना? मग टेबल वीतभर उचल."

"ते जमिनीत पक्कं केलंय. वरून परवानगी लागेल."

"मग वरच्यांना खाली बोलाव. एक दिवस वाकू देत त्यांनाही!"

ती दार आपटून बाहेर पडली. तोंडाने फटकळ, पण आत धाकधूक. टेबल सुटलं तर सकाळी उठायचं कशासाठी? तरी माघार घ्यायची नाही म्हणजे नाही. खुर्चीत बसून शोभेची बाहुली व्हायचं, त्यापेक्षा घरी बसलेलं बरं.

दहा दिवस गेले, सिंद्रेकडून हूं की चूं नाही. रविवारी तिने दात-ओठ खात अंडी फेटली आणि सोमवारी केकचा डबा घेऊन कारखान्यात शिरली. सगळ्यांनी हातातले मासे खाली ठेवले. लिथुआनियाहून आलेली, तिच्या शेजारी उभी राहून काम शिकलेली रासा तर रडायलाच लागली. "म्हणजे तू खरंच चाललीस?"

तोरुन टेबलाकडे बघत होती. चारही पायांखाली लोखंडी ठोकळे होते, आणि शेजारी बाह्या सरसावून, काळ्या हातात पाना धरून सिंद्रे उभा होता. "परवानगी अजून आलेली नाही," तो हळूच म्हणाला.

तिने एक मासा उचलून वाकवला. पाठ ताठच राहिली. मग तिने केकचा डबा त्या गादीच्या खुर्चीवर ठेवला.

"रडतेस काय, बये? मी कुठे चाललेय? ही खुर्ची चाललीय. सुरी आण."