पोर माझी म्हणणारे सर

"पोर माझी, जबाबदारी माझी," असं म्हणून सर स्वतःच्या छातीवर थाप मारायचे. साताऱ्याच्या कॉलेजात ते मुलींना बास्केटबॉल शिकवायचे. मी तिथल्या वसतिगृहात भाकऱ्या करते. खिडकीतून मैदान दिसतं. असे सर तुम्हीही कुठेतरी पाहिले असतील. गळ्यात शिट्टी, आणि आवाज असा की आमच्या मेसमधलं मांजर दचकायचं.

खेळून झालं की मुलींना घेऊन ते जेवायला यायचे. मुलींची ताटं वाढून झाल्याशिवाय स्वतः बसायचे नाहीत.

"मावशी, हिला अजून एक भाकरी. वाऱ्यानं उडंल ही!"

ती उडणारी म्हणजे माझीच लेक, सारिका.

तिला खेळू द्यायला आधी तिचे वडील, पलटणीतून निवृत्त झालेले, तयार नव्हते. तेव्हा सर कोरेगावजवळच्या आमच्या घरी आले आणि पायरीवरच बसले.

"पोरगी अर्ध्या चड्डीवर पळणार? गाव काय म्हनंल?" हे म्हणाले.

"आवं, तुमी पलटणीत काय धोतरावर पळत हुता का?"

हे चक्क हसले. मग म्हणाले, "बरं. खेळती तवर लग्नाचं काढत न्हाई. खेळ थांबला की आटपाडीचं स्थळ पक्कं."

सरांनी छातीवर थाप मारली. "मी हाय तवर खेळ थांबत न्हाई. पोर माझी, जबाबदारी माझी."

मी दाराआड उभी होते. पुढे गावातल्या बायका तिच्या खेळण्यावरून बोलायच्या, तेव्हा मी मान खाली घालून निघून जायचे. मला सरांच्या शब्दाचा आधार होता.

मग सर आणखी शिकले आणि त्याच कॉलेजात खेळाच्या व्यवस्थापनाचे प्राध्यापक झाले. संध्याकाळी येऊन मुलींना शिकवीन म्हणाले होते. थोडे दिवस आले. हळूहळू शिट्टी गेली, बोलण्यातलं 'हाय' जाऊन 'आहे' आलं.

एकदा ऑफिसात मीटिंग होती. मी चहा घेऊन गेले. सर पडद्यावर चित्र दाखवत होते. आमचंच मैदान, पण हिरवंगार, भोवती जाळी, वर दिवे. बाहेरच्यांना क्रिकेटसाठी भाड्यानं द्यायचं.

"मुलींचा संघ बंद करावा लागेल," सर म्हणाले. "मैदान चाललं पाहिजे."

"वा सर! बरं सुचलं तुम्हाला," प्राचार्य म्हणाले.

मी कप ठेवत राहिले. सर बाहेर आल्यावर कसंबसं विचारलं, "सर, आमची सारिका?"

"मावशी, ती हुशार आहे. समजून घेईल." त्यांनी फोन कानाला लावला.

ह्यांनी मात्र आपला शब्द पाळला. सुगी झाल्यावर लग्न उरकलं.

लग्नाला सर आले, भारीतला आहेर घेऊन. जेवणाच्या मांडवात गर्दी झाली तर त्यांनीच सगळ्यांना रांगेत लावलं. आटपाडीची माणसं म्हणाली, "लय हुशार गडी हाय."

निघताना सारिका एकेकाच्या पाया पडत आली. सरांपाशी थांबली. ते हात पुढे करून म्हणाले, "पोर माझी..." ती उभीच राहिली. त्यांचा हात तसाच हवेत.

"सरांच्या पाया पड की गं," हे म्हणाले.

चार माणसांत मी कधी बोलत नाही. त्या दिवशी बोलले.

"ऱ्हाऊ द्या," मी म्हणाले, आणि लेकीला धरून गाडीकडे घेऊन गेले.