पायवाल्या काकांचा पत्ता

तिला सगळे वेबवाली म्हणत. दुकानदार, डॉक्टर, शिकवणीवाले अशांच्या वेबसाइट बनवायच्या आणि पुढे त्या सांभाळायच्या, हा तिचा धंदा. वेबसाइट तयार होईपर्यंत ग्राहक तिला श्वास घेऊ देत नसत. एकदा ती सुरू झाली, की मात्र दाद देत नसत. डोमेनची, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याची, मुदत संपत आलीय म्हणून कळवावं, तर कुणी फोनच घेत नसे.

"वहिनी, सगळे पत्ते आपल्याच नावावर घेऊन टाक," तिच्याबरोबर काम करणारी नणंद म्हणायची. वेबवाली ऐकायची नाही. ज्याचं नाव, त्याच्याकडेच राहावं.

हा हट्ट एका दुपारी अंगाशी आला. कृत्रिम पाय बनवणारे म्हातारे कारागीर, पायवाले काका, तिचे जुने ग्राहक. त्यांच्या पत्त्याची मुदत उलटून वेबसाइट बंद पडली होती आणि वाढीव मुदतही त्याच संध्याकाळी संपत होती. नंतर तो पत्ता कुणीही विकत घेऊ शकला असता. मुदत वाढवायला लागणारा कोड काकांच्या फोनवर यायचा, आणि काकांचा फोन बंद होता.

"सुटू दे. मग आपणच घेऊ, येतील धावत," नणंद म्हणाली.

"शिवणवाल्या मावशींचा पत्ता सुटला, तो आपल्याला मिळाला का?"

मावशींच्या पत्त्यावर आता जुगाराची जाहिरात झळकत होती. ओळखीचे लोक तोंडावर हसत आणि मावशी मान खाली घालून जात.

वेबवालीने लॅपटॉप पिशवीत टाकला आणि तडक काकांचा कारखाना गाठला. दार आतून बंद. तिने वाजवलं, हाका मारल्या, पुन्हा वाजवलं. शेवटी कडी सरकली. काका दारात उभे होते, उजवा हात डाव्याने घट्ट धरून. तरी तो थरथरत होताच. मागे टेबलावर प्लास्टरचे साचे अर्धवट पडले होते, धूळ खात.

"फोन का बंद ठेवलाय, काका?"

"लोक विचारतात, पाय कधी देता. या हाताने काय देऊ? नाही म्हणायला जीभ रेटत नाही, बाळा. ती वेबसाइट बंद पडली, बरंच झालं. येणारे आपोआप थांबतील."

"थांबणार नाहीत. उद्या तुमच्या पत्त्यावर कुणी भामटा दुकान मांडेल. लोक तुमच्या भरवशावर जातील, आणि तो कसलेही पाय त्यांच्या गळ्यात मारेल."

काकांनी खण उघडून फोन काढला. तो चार्जिंगला लावला, पण सुरू व्हायला तयार नाही. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढत होतं. एकदाचा फोनचा पडदा उजळला आणि वेबवालीने मागवलेला कोड आला. काकांचं बोट भलत्याच आकड्यावर पडायचं. वेबवालीचा हात आपसूक पुढे गेला.

"मीच दाबतो," ते म्हणाले.

तो कोड बाद झाला. तिने दुसरा मागवला. या वेळी काकांनी कोपर टेबलाला टेकवलं, दात आवळले, एकेक आकडा दाबला. मुदत वाढली.

"आता तिथं लिही, काम थांबवलंय," काका म्हणाले. "आणि पुलापलीकडच्या त्या पठ्ठ्याचा नंबर दे."

तो त्यांचाच शिष्य. न सांगता वेगळं दुकान थाटलं, तेव्हापासून काकांनी त्याच्याशी अबोला धरलेला.

"त्याला विचारायला हवं ना?"

काकांनी फोन जवळ ओढला. मग त्यांनी स्वतःच नंबर लावला.

"मी बोलतोय," ते म्हणाले. पलीकडून शिष्याने तब्येतीची विचारपूस केली. मग काकांचा चेहरा हळूहळू सैलावला. "हात गेला रे. तू ये. साचे घेऊन जा."

शिष्य त्याच संध्याकाळी आला. साचे त्याने नेले नाहीत. काकांनाच आपल्या दुकानात नेऊन बसवलं. आता ते रोज तिथे जातात, नव्या पायावर चालणाऱ्यांची चाल बघतात आणि पाय कुठे घासून नीट करायचा ते सांगतात. पत्ता अजून त्यांच्याच नावावर आहे.