जाम की पेरू

गायकवाड बाईंना शेवटचं भेटलो ते नांदेडच्या दवाखान्यात. मुखेड तालुक्यातल्या आमच्या दोनशिक्षकी शाळेतल्या त्या एक, मी दुसरा. आवाज पार खोल गेलेला, तरी पहिला प्रश्न शाळेचाच. "सर, आला का हो चाचणीचा निकाल?" "आला... केंद्रातल्या शाळांत शेवटून दुसरे." त्या हसल्या. "बघा, दुसरा नंबर तर आला की!" त्याच आठवड्यात त्यांच्या भावाचा फोन आला. चाकूरला, त्यांच्या गावी, त्यांचा अंत्यविधी उरकून परतताना एसटीत शेजारची जागा रिकामी होती, तिच्यावर मी उगाच पिशवी ठेवली.

गुणांशी बाईंचं कधी जमलंच नाही. मागं एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी पहिलीतल्या पोरीला चित्र दाखवून विचारलं, "हे काय?" ती ठसक्यात म्हणाली, "जाम!" साहेबांनी फुली मारली, कारण उत्तर होतं पेरू. आता आमच्याकडं पेरूला जामच म्हणतात, बाजारात पेरू म्हणून कोण मागतं? बाई उसळल्या. "साहेब, रोज खातंय की लेकरू ते. चुकीचं कसं?" "उत्तरसूचीत नाही, बाई." संपलं! दुसऱ्या दिवशी बाई टोपलीभर जाम घेऊन आल्या, सगळ्यांना वाटले आणि फळ्यावर दोन्ही शब्द लिहिले.

मी मात्र सराव चाचण्यांचा माणूस. आमचा वाद रोजचा, मधल्या सुट्टीत डबा उघडला की सुरू. गुण घसरले की पालक लेकरांना इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवतात, पट घसरला की शाळेला कुलूप, हे माझं म्हणणं. ते खोटंही नव्हतं. दरवर्षी लेकरं कमी होतच होती. बाई म्हणायच्या, "सर, पहिलीत येताना ही लेकरं तोंड उघडत न्हाईत. आता बोलायलीत, भांडायलीत. ह्याला किती मार्क देता, सांगा." मला आणखीच राग यायचा. आजही मला आम्हा दोघांचंही खरं वाटतं. पण भांडायला समोर कुणी नाही, आणि एकट्यानं डबा खाणं माझ्याच्यानं होत नाही... बऱ्याचदा तसाच घरी नेतो.

त्यांच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. चारही वर्ग मी एकाच खोलीत बसवतो. परवा तोंडी सराव घेत होतो. दुसरीतल्या सवितानं बोट वर केलं, उभी राहिली, पण बोट तसंच वर.

"बोल की गं."

"सर, बाई म्हनायच्या, चुकलं तरी बोला." तिनं बोट खाली घेतलं. "आता चुकलं तर चालंल का?"

"चालंल," मी म्हणालो. आवाज जमेल तितका मऊ केला होता.

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं, आणि न बोलता खाली बसली.