व्यंकोबा अण्णांचं प्रेशर

सोमवार, जूनचा पहिला आठवडा. ऊन कडक, कालव्याला अजून पाणी नाही.

माझ्या रोजनिशीत हवामान एका ओळीत संपतं, ऑफिस मात्र पानभर चालतं. आमच्या तंजावरच्या विमा ऑफिसात कॉम्प्युटर आले, खाजगी कंपन्या येणार अशी हवा सुटली, आणि पानं अपुरी पडायला लागली. त्यातले हे हेडक्लार्क व्यंकोबा अण्णांचे किस्से.

*

कॉम्प्युटरच्या खोलीला एसी, आम्हाला एक खडखडता पंखा. आत चपला काढून जायचं. अण्णा रोज जेवणानंतर आत जाऊन डोळे मिटून बसत. ऑपरेटर मुलीनं विचारलं, "अण्णा, काम काय?"

"काम नाही अम्मा. दर्शन."

*

अण्णांचं प्रेशर चढलं. डॉक्टर म्हणाले, "राग पोटात ठेवू नका. जानेवारीतल्या पोंगलच्या सणापर्यंत उतरलं नाही, तर नोकरी सोडून घरी बसा."

अण्णांनी उपाय काढला. तमिळ साहेब ओरडले, की हात बांधून, हसतमुखानं, आम्हा तंजावरी मराठी माणसांच्या घरच्या मराठीत सांगायचं, "सार, तुमच्यापेक्षा आमचा पंखा बरा. आवाज करतो, पण थोडा वारा तरी देतो."

साहेब आम्हाला म्हणाले, "बघा, ओरडलो तरी हा माणूस मला आशीर्वाद देतो!"

*

प्रेशर उतरू लागलं. मी म्हटलं, "अण्णा, घरी तर याहून आराम मिळेल. घाबरता कशाला?"

"घरी राग आला तर कुठल्या भाषेत काढू? बायकोला मराठी येते."

*

मग साहेबांची बदली झाली. नवे साहेब आले साताऱ्याचे. पहिल्याच दिवशी आमच्या घरच्या मराठीतल्या गप्पा ऐकून खूश झाले. "तुमची तमिळ मला अर्धी कळते हो!"

अण्णांनी मला कोपऱ्यात ओढलं. "अर्धी म्हणजे कुठली अर्धी?"

त्या दिवसापासून अण्णा गप्प. साहेब ओरडत, अण्णा गिळत. प्रेशर पुन्हा चढलं, आणि पोंगल जवळ आला.

*

मद्रासहून मोठे अधिकारी आले. धंदा घसरला म्हणून सगळ्यांसमोर आमच्या साहेबांना इंग्रजीत झाडू लागले. साहेब लालबुंद, हाताच्या मुठी वळलेल्या. शेजारी उभे असलेले अण्णा हळूच मराठीत म्हणाले, "साहेब, पोटात ठेवू नका. यांना मराठी येत नाही."

साहेबांनी अण्णांकडे पाहिलं. मग हात बांधले, चेहरा हसरा केला आणि अस्सल सातारी मराठीत त्या अधिकाऱ्यांच्या मिशीपासून बुटापर्यंत सगळं सांगितलं. कुठे अडले, तिथे अण्णांनी शब्द पुरवला. अधिकाऱ्यांनी समाधानानं मान डोलावली आणि कॉफी मागवली.

दुसऱ्या दिवसापासून दुपारच्या कॉफीला अण्णा साहेबांच्या केबिनमध्ये जाऊ लागले. दार आतून बंद.

पोंगलच्या आदल्या दिवशी दोघं एकाच रिक्षानं डॉक्टरांकडे गेले. अण्णा एकशे तीस, ऐंशी. साहेब एकशे वीस, ऐंशी.