डोक्यावर तोललेला लॅपटॉप

दोन हजार नऊच्या सुमारास मी मुरबाडला कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला होते. गिऱ्हाईक आलं की आधी किंमत विचारायचं, मग स्क्रीन केवढी ते. एक बाई मात्र चपला बाहेर काढून आत आली आणि म्हणाली, "स्वस्तातले दोन दाखव गो. पोरगी कल्याणला होस्टेलवर शिकते, तिला पायजे."

मी दोन काढले. भाव सारखाच. "मोठ्या स्क्रीनचा घ्या मावशी, डोळ्यांना बरा."

तिने स्क्रीनकडे पाहिलंही नाही. पदराची चुंबळ करून डोक्यावर ठेवली आणि मोठा लॅपटॉप सरळ त्यावर चढवला. माझा जीव टांगणीला! हात सोडून ती दारापर्यंत जाऊन आली. मग छोटा चढवला आणि पुन्हा तशीच जाऊन आली.

"हा दे."

"अहो, यात अक्षरं बारीक दिसतात."

"दिसू दे. आमच्या पाड्यावर जीप येत नाय, खाली उतरून तासभर चढ हाय. जड घेतला तर पोर बोलेल, अभ्यास हाय, सुट्टीला होस्टेलवरच राहते. हलका असला तर घेऊन येल."

खोका डोक्यावर घेऊन ती जीपच्या थांब्याकडे गेली. दिसेनाशी होईपर्यंत मी बघत राहिले.

माझं घर किन्हवलीला, एसटीच्या थांब्याला लागूनच. 'दुकानात काम फार असतं,' असं आईला फोनवर सांगून मी तीन महिने गेले नव्हते. आणि मला तर काही उचलून न्यायचंही नव्हतं.