पहिल्या कार्यक्रमाचे वादक किती?

कवळ्या बनवणाऱ्या त्या कारागिराला सगळे 'कोश' म्हणत, कारण त्यांच्याच शहरात सुरू झालेल्या एका जगप्रसिद्ध रॉक बँडचा इतिहास त्याला तोंडपाठ होता. दर रविवारी दुपारी रेकॉर्डच्या दुकानामागच्या खोलीत चाहते जमत आणि कोश एकेकाची चूक काढून त्याचा पाणउतारा करी.

एकदा एक बस कंडक्टर बाई पहिल्यांदाच आल्या. कोश सांगत होता, "पहिल्या कार्यक्रमात पाच जण वाजवत होते."

"चार," बाई म्हणाल्या. "एक गिटारवाला तापाने फणफणला होता."

"तुम्ही काय पाळण्यातून बघत होता?"

"नऊ वर्षांची होते. हॉलचे रखवालदार माझे बाबा. पाचव्याच्या वाटचं सरबत मीच प्यायले."

"अहो, पुस्तकात पाच छापलंय!"

"लिहिणाऱ्याने आम्हाला कुठे विचारलं?"

खोलीत हशा पिकला. लोक खुर्च्या ओढून बाईंभोवती बसले. कोशच्या अंगाची लाही लाही झाली. "थापाडी!" असं ओरडून तो कात्रणांची फाईल काखोटीला मारून निघून गेला.

घरी त्याने त्या कार्यक्रमाचा जुना फोटो भिंगाखाली धरला. डोकी चारच होती.

पुढच्या रविवारी तो बाईंकडे पाठ करून बसला आणि एका नवख्यावर खेकसला, "पाच नाही, चार! मी स्वतः शोधून काढलंय."

"चोर," बाई मोठ्याने म्हणाल्या.

याला सहा वर्षं झाली. दोघं एकही रविवार चुकवत नाहीत आणि एकमेकांशी अवाक्षर बोलत नाहीत.