चिखलपट्ट्यावरच्या चाळीस सह्या

बंदरावर त्याला कुलूप म्हणत. तोंडावर कुलूपकाका, माघारी नुसतंच कुलूप. ज्यानं हे नाव ठेवलं तो मरूनही वीसेक वर्षं झाली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. खुद्द त्याची बायको मासळीबाजारात शेजारणीला सांगायची, "आमचं कुलूप अजून आलं नाही, तोवर तू विकून घे." कारण सरळ होतं. मासा कुठे धरला, हे या माणसानं चाळीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. समोरच्याला राग येणार नाही इतक्या गोडीनं तो ताकास तूर लागू द्यायचा नाही. "आज कुठं होतात, काका?" "पाण्यात." बस्स.

आता हा गुण त्याच्या एकट्याचा होता, असं कुणी समजू नये. त्या बंदरात चाळीस होड्या, आणि चाळीसही होड्यांची हीच तऱ्हा. प्रत्येकाची आपापली जागा, बापानं मुलाला दाखवलेली. स्वतःच्या जागेबद्दल बोलायचं नाही आणि दुसऱ्याच्या जागेबद्दल विचारायचं नाही, एवढा एकच कायदा तिथं पोलिसांवाचून पाळला जायचा. आणि बाहेरच्यानं विचारलंच, तर त्यालाही उत्तर ठरलेलं होतं. बंधाऱ्याच्या दक्षिणेला एक चिखलपट्टा आहे. तिथं मासा फिरकत नाही, आणि फिरकलाच तर वाट चुकून. परक्यानं विचारलं की हात तिकडं करायचा. पाढे पाठ व्हायच्या आधी तिथल्या पोरांना हे उत्तर पाठ झालेलं असायचं.

कुलूपकाकाची जागा म्हणजे एक खडक. बारा वाव, म्हणजे सत्तरेक फूट पाण्याखाली, चार-पाच घरं मावतील एवढा. वरून पाहिलं तर काही दिसत नाही, सगळीकडं सारखंच पाणी. होडीतून बघताना बर्फाच्या कारखान्याचं धुराडं बंधाऱ्याच्या टोकावर आलं पाहिजे, आणि दीपस्तंभ मागच्या डोंगराच्या खिंडीत उभा राहिला पाहिजे. दोन्ही खुणा एकाच वेळी जुळल्या की शिशाचं वजन सोडायचं. वजनाच्या बुडाला खळगा असतो, त्यात साबणाचा तुकडा दाबलेला. वर ओढल्यावर साबणाला वाळू चिकटलेली असली तर होडी चुकली. शंखशिंपल्यांचा चुरा चिकटला असला तर नांगर टाकायचा.

तिथं त्यानं कधी जाळं टाकलं नाही. गळच. आणि आठवड्यातून तीनच दिवस. "खडकालाही दम खाऊ द्यावा," म्हणायचा. अंड्यांवर आलेली मादी लागली तर गळ काढून तिला परत सोडायचा, वर "जा बाई" असंही म्हणायचा. ही गोष्ट अर्थात तो कबूल करणार नाही.

गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा थोरली मुलगी होडीवर आली. बर्फाच्या कारखान्यातली नोकरी सोडून आली, आणि बापापेक्षा चांगला हात निघाला तिचा. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी त्यानं तिला दोन्ही खुणा दाखवल्या. घर भाड्याचं, होडी जुनी. मुलीला देण्यासारखं त्याच्यापाशी जे काही होतं, ते तेवढंच होतं, आणि ते त्यानं त्या दिवशी दिलं. साबणाला चिकटलेला चुरा थोरलीनं बोटानं हळूच काढला आणि खिशात टाकला.

मग सरकारची ती सर्वेक्षणवाली आली.

तरुण होती, बोलायला साधी, दारात चपला काढून आत आलेली. स्वयंपाकघरातल्या मेणकापडाच्या टेबलावर तिनं नकाशा पसरला, चारी कोपऱ्यांवर घरातल्याच चार वाट्या ठेवल्या. म्हणाली, "काका, मोठ्या प्रवासी जहाजांसाठी टर्मिनल व्हायचा प्रस्ताव आहे. जहाजांना वाट खणावी लागेल. तुमची मासे धरायची जागा त्या वाटेत येऊ नये, म्हणून विचारतेय. कुठं जाता तुम्ही?"

यापेक्षा सरळ कुणी काय बोलायचं? पण कुलूपकाकाच्या कानात शिरलं ते शेवटचं वाक्य. कुठं जाता तुम्ही. आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं त्याचं बोट नकाशावरून सरसर चालत गेलं ते थेट चिखलपट्ट्यावर जाऊन थांबलं.

"नक्की?" तिनं विचारलं.

"आमचे वाडवडील तिथंच जायचे," तो म्हणाला. थोरली ओठ दाबून खिडकीबाहेर बघत होती.

त्यानं सही केली. ती जिना उतरून गेल्यावर तिघंही पोट धरून हसले. बायको म्हणाली, "अहो, बिचारी किती गोड होती, आणि तुम्ही तिला चिखलात घातलंत!"

ते हसू त्यांना फार महागात पडणार होतं. पण हसताना कुणाला कळतं?

पुढच्या तीन महिन्यांत पाण्यावर पिवळी पिंपं तरंगायला लागली. आधी दोन, मग सात. मग एक सपाट तराफा आला, त्यावर लोखंडी मनोरा, आणि मनोऱ्यातून दिवसभर ठक, ठक, ठक. तो आवाज कानांना फारसा ऐकू यायचा नाही. होडीच्या फळ्यांतून तळपायांना लागायचा. थोरली एकदा म्हणाली, "बाबा, खाली कुणीतरी दार वाजवतंय असं वाटतं." त्या आठवड्यात गळाला एकही मासा लागला नाही. कुलूपकाका म्हणाला, पाणी गार असेल. पाणी गार नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं.

मग एके सकाळी लिलावाच्या शेडमध्ये, बर्फाच्या पेट्यांच्या वर, आराखडा लागला. सगळे ओले हात पुसत त्याच्यापुढं जमले. चिखलपट्ट्यावर सुंदर हिरवा रंग दिलेला होता, त्यात माशाचं चित्र, आणि शेजारी लिहिलेलं: मासेमारीसाठी राखीव. जहाजांना प्रवेश नाही. खाली बारीक अक्षरांत: चाळीसपैकी चाळीस होड्यांच्या माहितीनुसार.

आधी कुणीतरी फिस्सकन हसलं. मग एकेक जण नकाशाच्या आणखी जवळ सरकला. चाळीसही जणांनी एकच जागा दाखवली होती, आणि सरकारनं ती इमानेइतबारे राखली होती. बाकी सगळा समुद्र मोकळा ठरला होता. उघड्या समुद्रातून धक्क्यापर्यंत दोन लाल रेघा ओढलेल्या होत्या, मध्ये जहाजांची वाट, आणि बाजूला तिरप्या रेघांत गाळ टाकायची जागा. जो तो आपली जागा शोधत होता, पण नुसत्या डोळ्यांनी. नकाशावर बोट ठेवायची कुणाची छाती झाली नाही, कारण शेजारी दुसरा उभा होता.

कुलूपकाकाला शोधावं लागलं नाही. दोन लाल रेघांच्या बरोबर मध्ये एक काळा ठिपका होता. खडकाळ उंचवटा, सुरुंगानं काढणे.

त्यानं तीनदा वाचलं. मग तो मासळी तशीच टाकून घरी गेला आणि टेबलाशी बसून राहिला. बायकोनं विचारलं काय झालं. "आपल्याच हातानं धोंडा मारून घेतला," तो म्हणाला. "पायावर नाही. पोरीच्या डोक्यात."

सुनावणी शाळेच्या सभागृहात होती. पुढच्या भिंतीवर जहाजाचं चित्र, इतकं मोठं की त्याच्यापुढं बसलेले साहेब खेळण्यातले वाटत. आक्षेप असतील तर सांगा, असं साहेबांनी दोनदा म्हटलं. पंखे फिरत होते. चाळीस होडीवाले मूग गिळून बसले होते. शेवटी कुलूपकाका उठला, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी आश्चर्यानं म्हणालं, "अरे, कुलूप!"

"साहेब, मी खोटं सांगितलं," तो म्हणाला. "चिखलात मासा नाही. माझी जागा तुम्ही फोडणार तो खडक आहे."

"पुरावा?"

पुरावा कसला आणायचा? चाळीस वर्षं ज्यानं पुरावा मागं राहू नये याचीच काळजी घेतली, त्याच्याकडं पुरावा मागणं म्हणजे टकल्याकडं कंगवा मागणं. त्यानं एकवार थोरलीकडं पाहिलं. तिनं मान हलवली. हो की नाही, हे त्याला कळलं नाही. मग तो बोलायला लागला. धुराडं बंधाऱ्याच्या टोकावर, दीपस्तंभ खिंडीत. बारा वाव. साबणाला शिंपल्यांचा चुरा. मोठी मासळी कुठल्या महिन्यात येते, अंडी कुठल्या बाजूच्या कपारीत घालते. सगळं सांगितलं. सभागृहात इतकी शांतता होती की आपल्यामागं लोक ऐकत नसून पाठ करताहेत, हे त्याला पाठीतून समजत होतं.

साहेबांनी फाइल उघडली. "काका, इथं तुमची सही आहे. आणि आणखी एकोणचाळीस जणांच्या. तुम्ही खोटं बोललात म्हणता. मग हे सगळेच खोटं बोलले का?"

तो मागं वळला. "सांगा ना रे! कुणीतरी सांगा!"

कुणी चपलेकडं बघत होतं, कुणी पंख्याकडं. आपण खोटं बोललो म्हणावं, तर खरं कुठं, हा पुढचा प्रश्न येणार. त्याचा सख्खा मेहुणा दुसऱ्या रांगेत होता. त्यानं घड्याळाची चावी फिरवली.

बाहेर पायऱ्यांवर ती सर्वेक्षणवाली त्याच्यामागं धावत आली. तिचे डोळे भरलेले होते. "काका, तेव्हाच का नाही सांगितलंत? मी तुमच्यासाठीच विचारत होते."

"चुकलं, पोरी."

"ऐका. परवा अहवाल बंद होतो. उद्या सकाळी मी लाँच घेऊन येते. मला त्या खडकावर मासेमारी होताना डोळ्यांनी दिसली पाहिजे. चार-पाच होड्या दिसल्या तरी पुरे. मी फोटो काढीन, आकडा लिहीन. मग वाट सरकवावीच लागेल."

"येतील," तो म्हणाला. कोण येतील, कुणाला माहीत. मेहुण्याच्या घरी तो गेला, त्यानं दार उघडलं नाही. आणखी दोन घरी गेला. "बघू," म्हणाले. "बघू" म्हणजे काय, हे न कळायला तो लहान नव्हता.

सकाळी उजाडता उजाडता बाप-लेक खडकाकडं निघाले. खुणा जुळायच्या आधीच थोरलीनं पुढं बघून शिवी हासडली. खडकावर होड्या होत्या. एक नाही, दोन नाही, चौदा. काठाला काठ घासत, गळ सोडून बसलेल्या. मेहुणा सगळ्यांत आधी येऊन बरोबर मधोमध नांगरला होता.

"रागावू नका, दाजी," तो लांबूनच ओरडला. "नाहीतरी फुटणारच आहे खडक!"

कुलूपकाकाच्या कानशिलांत रक्त चढलं. वाडवडिलांची जागा, आणि हे चोर दिवसाढवळ्या! काल तोंडात जीभ नव्हती, आज हातात गळ आहेत. त्यानं वल्हं उचललंसुद्धा. आणि मग, वल्हं वरच्यावर ठेवून, तो खदखदून हसायलाच लागला.

"बाबा?" थोरली घाबरली.

"अगं, मोज! चौदा आणि आपली पंधरा! तिला चार हव्या होत्या!" उभ्या जन्मात आपल्या खडकावर दुसऱ्याची होडी पाहून त्याला आनंद झाला, तो त्या सकाळी. देव आला असता तरी एवढा झाला नसता. त्यानं काठावरच जागा पाहून नांगर टाकला आणि मेहुण्याला हात केला. "बसा रे, बसा! पोटभर धरा आज!"

लोक एकमेकांकडं बघायला लागले. म्हातारा फिरला बहुतेक.

तेवढ्यात बंधाऱ्याच्या टोकामागून पांढरी लाँच बाहेर पडली.

ती सगळ्यांना एकदमच दिसली. कुणी हाक मारली नाही, कुणी खूण केली नाही. परकी होडी दिसली की जागेवरून उठायचं, आपण इथं नव्हतोच असं दाखवायचं, हे त्यांच्या बापांनी त्यांना मारून मारून शिकवलं होतं. चौदा दोर एकदम ओढले जाऊ लागले. गळ वर आले, इंजिनं फटफटली.

"थांबा!" कुलूपकाका उठून ओरडला. "ती आपलीच आहे! थांबा, तिला दिसू द्या! अरे मेव्हण्या, थांब ना रे!"

इंजिनांच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं, कुणाला नाही. ज्याला गेलं तोही थांबला नाही. आपण काय करतोय हे कळायच्या आत हात करून मोकळे होतात, त्यातली ही गत. मेहुणा जाताना मागं वळून बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, नुसता गोंधळ होता.

"बाबा," थोरली हळू आवाजात म्हणाली. "दोर सोडा."

त्यानं खाली पाहिलं. त्याच्या स्वतःच्या हातांनी नांगराचा दोर निम्मा वर ओढलेला होता. ओला दोर पायाशी वेटोळं होऊन पडला होता. त्यानं तो सोडला, पण होडी तोवर हलली होती. थोरलीनं वल्हं मारून ती परत खुणांवर आणली, आणि नांगर पुन्हा खडकात अडकला, तेव्हा आसपास पाण्याशिवाय काही उरलं नव्हतं. दूर दक्षिणेला चौदा होड्या ओळीनं चिखलपट्ट्यावर जाऊन उभ्या राहिल्या होत्या.

लाँच जवळ आली. सर्वेक्षणवालीच्या शेजारी काल सुनावणीला बसलेले साहेब उभे होते. त्यांनी दुर्बीण लावून दक्षिणेकडं पाहिलं, मग समाधानानं मान हलवली.

"त्या आत्ता इथं होत्या," कुलूपकाका म्हणाला. "पोरी, शपथ घेतो. आत्ता इथं होत्या."

तिनं त्याच्याकडं पाहिलं, आणि थोरलीकडं. तिचा विश्वास बसला होता. पण तो लिहायला कागदावर रकाना नव्हता.

"जे दिसतंय ते लिहा, मॅडम," साहेब म्हणाले.

तिनं लिहिलं. राखीव क्षेत्रात होड्या, चौदा. खडकावर, एक. फोटो काढताना तिनं त्याला विचारलं, जरा इकडं बघाल का काका, आणि तो बघत राहिला.